आईसाठी वापरलेलं स्मार्टवॉच

आईच्या नाडीवर लक्ष ठेवायला वापरलेलं स्मार्टवॉच घ्यावं का, असं विचारलंय. जरूर घ्या. मी बाबांसाठी ॲपलची सिरीज ४ अशीच घेतली. २०१८चं मॉडेल, पण ईसीजी त्यातही आहे. (आयफोन मात्र हवाच.) पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोरच घड्याळ त्याच्या ॲपल आयडीवरून (म्हणजे ॲपलच्या खात्यावरून) काढून आपल्या फोनला जोडून बघा. ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे जुन्या मालकाच्या खात्याचं कुलूप, राहिला तर ते आपल्याला वापरताच येत नाही. बॅटरी हेल्थ, म्हणजे नवीन असतानाच्या मानाने बॅटरीत किती दम उरलाय, ते घड्याळाच्या सेटिंगमध्ये दिसतं. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर भाव कमी करून मागा.

बाबांचे ठोके सुरुवातीला मध्येच १४०, मध्येच ५० दाखवायचे. मी घाबरलेच. बघते तर पट्टा बांगडीसारखा सैल! मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्तावर पडून परततो, त्यावरून ठोके मोजले जातात. फट राहिली की आकडा चुकतो. मनगटाच्या हाडाच्या जरा वर नीट बसवून बांधल्यावर आकडे जागेवर आले.

एक कळकळीने सांगते, छातीत दुखलं तर घड्याळ बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा. हार्ट अटॅक त्याला ओळखता येत नाही. आणि बीपीसाठी दंडाला पट्टा बांधायचं मशीनच घरी ठेवा.