मदत हवी आहे: असेम्ब्ली खरोखर किती हलेल, हे कॅडमध्ये कसं काढायचं?

नमस्कार मंडळी,

एका पेटीच्या झाकणासाठी चार लिंकचं बिजागर करतोय. झाकण आधी थोडं वर उचललं जाऊन मग मागे जायला हवं, त्यामुळे साध्या बिजागराने भागत नाही. फ्रीकॅड १.० या कॅड सॉफ्टवेअरमधलं असेम्ब्ली वर्कबेंच (सुटे पार्ट जोडायचा विभाग) वापरतोय.

पिन ते पिन मापं अशी: फ्रेम (स्थिर बाजू) १२० मिमी, क्रँक (मी फिरवतो ती लिंक) ८०, रॉकर (फ्रेमच्या दुसऱ्या पिनेवर डुलणारी लिंक) ११० आणि झाकण ज्यावर बसतं तो कपलर ६०. क्रँकचा कोन फ्रेमच्या रेषेपासून मोजतोय. झाकण बंद असताना तो २५ अंश असतो, पूर्ण उघडायला १३० लागतो.

चारही पिनांना रिव्होल्यूट जॉइंट (एका अक्षाभोवती फक्त फिरू देणारे) दिले आणि माउसने क्रँक ओढला. ११५ च्या जवळपास येईपर्यंत सगळं सुरळीत. त्यानंतर रॉकर एकदम दुसऱ्या बाजूला उडी मारतो आणि झाकण उलटं होतं. जॉइंटला ११० ची लिमिट घातली की उडी थांबते, पण मग मला कळलं काय? लिमिट मीच घालायची आणि तीच उत्तर म्हणून वाचायची, याला अर्थ नाही. मला यंत्रणेकडून ऐकायचंय की ती कुठे थांबते.

शिवाय पार्ट एकमेकांतून आरपार जातात. झाकणाची कड पेटीत घुसलेली डोळ्यांना दिसते, तरी हालचाल चालूच. आणि काल एका लिंकची जाडी ५ वरून ६ मिमी केली तर सगळी असेम्ब्लीच जाम झाली, तसूभर हलेना. तीन दिवस यातच गेलेत. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १

उडीचं आधी सांगतो, कारण त्यात सॉल्व्हरचा (जॉइंट पाळून पार्टच्या जागा काढणाऱ्या प्रोग्रॅमचा) दोष नाही. तुमची यंत्रणाच तिथे संपते.

क्रँकचं टोक आणि रॉकरची स्थिर पिन यांच्यातलं अंतर बघा. कपलर आणि रॉकर एका रेषेत आले की ते जास्तीत जास्त ६० + ११० = १७० मिमी होतं. त्यापुढे लिंक पुरतच नाही. फ्रेम १२०, क्रँक ८० आणि हे १७० असा त्रिकोण घेऊन कोसाइनचा नियम लावा: क्रँकचा कोन ११५.० अंश येतो. दुसऱ्या टोकाला कपलर रॉकरवर दुमडतो, अंतर ११० − ६० = ५० उरतं आणि कोन १७.६ येतो. म्हणजे भूमितीने दिलेला पल्ला १७.६ ते ११५.०. तुमचे १३० त्यात बसतच नाहीत.

दोन्ही टोकांना यंत्रणेच्या दोन मांडण्या एकत्र येतात. माउस भरकन ओढला की सॉल्व्हरला त्यांतली कुठलीही जवळची वाटू शकते, म्हणून उडी. कोन एकेक अंशाने वाढवत नेलात तर डेड पॉइंट (यंत्रणा थांबते ती जागा) नीट सापडेल. लिमिट घालायची ती हे सापडल्यावर.

प्रतिसाद २

जाम होण्याबद्दल. त्रिमितीत फ्रेम पक्की धरली की उरलेल्या तीन लिंकना मिळून १८ डिग्री ऑफ फ्रीडम (हालचालीच्या स्वतंत्र दिशा, प्रत्येकी ६) असतात. एक रिव्होल्यूट ५ काढून घेतो, चार मिळून २०. म्हणजे हिशेब उणे २. सगळ्या पिना अगदी समांतर आणि जाड्या जुळलेल्या असतील तोवर हे चालून जातं. १ मिमी जाडी बदलली की साखळी आडव्या दिशेने मिटत नाही.

फ्रेमवरचे दोन रिव्होल्यूट राहू द्या. क्रँक-कपलर सिलिंड्रिकल करा (अक्षाभोवती फिरतो आणि अक्षावर सरकतोही), कपलर-रॉकर बॉल (सगळीकडे फिरतो). ५ + ५ + ४ + ३ = १७, उरली बरोबर १. हालचाल तीच राहते. प्रत्यक्ष यंत्रात चारही साध्या पिनाच बसवा, हा बदल फक्त मॉडेलपुरता.

आरपार जाण्याचं म्हणाल तर जॉइंटला फक्त अक्ष कळतात, पार्टचा आकार कळत नाही. सॉलिडवर्क्समध्ये पार्ट हलवताना कोलिजन डिटेक्शन लावून टक्कर झाली की थांबवता येतं, फ्यूजनमध्ये कॉन्टॅक्ट सेट असतात. तुम्ही ठरावीक कोनांवर थांबून झाकण आणि पेटी यांचं पार्ट वर्कबेंचमधलं कॉमन (दोघांचा सामाईक भाग) काढा. काही घन उरला तर तिथे धडक आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जॉइंट बदलल्याबरोबर जाम सुटला. आता जाडी कितीही बदलली तरी हलतं.

पल्ला वाढवायला आधी रॉकर १३० केला. वरची हद्द १४२.८ झाली, पण खालची ३४.१ वर सरकली. म्हणजे झाकण बंदच होईना! एका टोकाला मिळवलेलं दुसऱ्या टोकाला गेलं. मग रॉकर परत ११० केला आणि कपलर ८० केला. वरची हद्द पुन्हा १४२.८, आणि दुमडल्यावर अंतर उरतं फक्त ३०. क्रँकचं टोक रॉकरच्या स्थिर पिनेपासून १२० − ८० = ४० पेक्षा जवळ येऊच शकत नाही, म्हणून खालची हद्द उरलीच नाही. हे कागदावर मांडलं तेव्हाच खरं समजलं.

मग २५ पासून ५-५ अंशांनी कॉमन काढत गेलो. १२० पर्यंत रिकामं, १२५ ला बारीक पाचरीसारखा तुकडा आला. तिथे एकेका अंशाने पाहिलं तर १२२ पासून झाकणाची मागची कड पेटीच्या काठाला लागतेय. काठाला ४ मिमीचा चॅम्फर दिला (कोपरा तिरका कापला), पुन्हा सगळे कोन तपासले. १३० लाही कॉमन रिकामं. आता लिमिट घातली, २५ ते १३०.

प्रतिसाद १

छान! एकच करा: पिनांच्या भोकातली ढील धरून १३० ला झाकण आणि काठ यांच्यात किती जागा उरते तेही मोजून घ्या. कॉमन रिकामं म्हणजे जागा पुरेशी आहे असं नाही, अंतर ०.१ मिमी असलं तरी ते रिकामंच दिसतं.

धागाकर्ता

मोजलं. ०.३ निघालं. चॅम्फर ६ करतोय.