मदत हवी आहे: पाणी प्लांटवरचा क्लोरीन गॅस काढून हायपोवर (सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणावर) जायचंय

नमस्कार मंडळी, नगरपालिकेच्या २० एमएलडी (दिवसाला २ कोटी लिटर) जलशुद्धीकरण केंद्रावर आहे. घातपात झाला तर नेमकं कुठे सगळ्यात जास्त नुकसान होईल याचा आढावा घेतोय. पाण्यात कोणी काही टाकेल ही भीती सगळ्यांना असते, पण मला खरी काळजी क्लोरीनच्या ९०० किलोच्या टनरची (गॅसच्या मोठ्या सिलिंडरची) वाटते, कारण आता कंपाउंडला लागूनच वस्ती झालीये आणि हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो.

कुंपण, सीसीटीव्ही, रात्रीचा वॉचमन, लीक डिटेक्टर सगळं झालंय. पण त्याने धोका फक्त राखला जातो, कमी होत नाही. वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स या सांडपाणी प्लांटने अमेरिकेवरच्या २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर गॅस काढून सोडियम हायपोक्लोराइट आणलं, आम्हालाही तेच करायचंय.

डोस साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम), म्हणजे दिवसाला ४० किलो क्लोरीन, १० टक्क्यांचं हायपो घेतलं तर रोज ४०० लिटरच्या आसपास. अडचण अशी की आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ ला जातो, हायपोची ताकद झपाट्याने उतरते, आणि शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम क्लोरीन तर मिळालंच पाहिजे. मिठापासून जागेवरच हायपो बनवायचं युनिट बघितलं, पण वीज वारंवार जाते. प्लांट एक दिवसही बंद ठेवता येत नाही, जागा बदलणं शक्य नाही.

विदर्भ-मराठवाड्यात कोणी हा बदल केलाय का? मे महिन्यात हायपोचा किती दिवसांचा साठा ठेवता, आणि बॅकअपला एखादा टनर ठेवावाच लागतो का?