प्रतिसाद: चौक म्हणजे सजावट नव्हे
वारली लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवर काढलेलं चौकोनी चित्र, ही घराची सजावट असते, हे म्हणणं पटलं नाही. चौकात पालघट ही सुफलतेची देवी बसल्याशिवाय लग्न लागत नाही आणि तो लिहायचा मान सवाशिणींचा. पुरुष या चित्रांकडे वळले ते १९७०च्या दशकात, तेही कागदावर. लग्न लावते धवलेरी, म्हणजे वारल्यांची पुरोहित बाई, गाणी म्हणत. भटजीचं काम नाही.

कृतीबद्दल कुणीच लिहिलं नाही. शेणामातीने सारवलेल्या कुडावर गेरू, आणि तो खडखडीत वाळल्यावरच भिजवून वाटलेल्या तांदळाचा पांढरा. घाई केली की पांढऱ्यात लाल उतरतो. वाटण दाट राहिलं तर वाळल्यावर रेघेचे पोपडे सुटतात, पातळ झालं तर ओघळ येतात. काडी बांबूची, टोक चावून कुंच्यासारखं केलेलं. म्हणून खऱ्या चौकातली रेघ मध्येच जाड, मध्येच बारीक दिसते.