विषय: गच्चीचे पाईप तुंबलेत, रविवारी कोण येतंय?

नमस्कार,
कालचा वळीव वीस मिनिटंच पडला, पण गच्चीवर घोट्याएवढं पाणी साठलं. मागचे दोन्ही पाईप बंद आहेत. मी हात घालून पाहिलं. गुलमोहराची पानं, पाकळ्या आणि दुधाची एक पिशवी, सगळ्याचा लगदा झालाय. जाळी एकाच तोंडावर शिल्लक आहे. पुण्यात पाऊस १० जूनच्या आसपास धरतो, म्हणजे दोनच रविवार हातात आहेत. येत्या रविवारी सकाळी ८ला कोण कोण?
– ब-९

---

भाडेकरूंनी फोटो पाठवलाय. पंख्याच्या हुकापासून खिडकीपर्यंत ओल परत आली आहे, मागच्या वर्षी रंग दिला तिथेच. गच्चीतून गळलं तर दुरुस्तीचा खर्च सोसायटीचा, हे उपविधीत आहे. तरी तो रंग मी माझ्या पैशांनी दिला होता. या वेळी आधी वाटे (कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथला सिमेंटचा गोलावा) आणि कोबा ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग काढून नव्याने करावा लागेल, वरून थर मारून भागणार नाही. रविवारी ८ म्हणजे इथे शनिवारी रात्रीचे साडेदहा. मी जागी असेन, व्हिडिओ कॉल करा.
– ब-१२, न्यू जर्सी

---

ताई, कोबा चांगला आहे. पाणी अडतंय ते कुंड्यांमुळे. गच्चीला ढाळ असतो तोच मुळी शंभर फुटांना फूटभर. त्यात चौदा कुंड्यांखालच्या विटा आडव्या आल्यावर पाणी पाइपापर्यंत पोचणार कसं? शिवाय ताटल्यांमधलं पाणी. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. मागच्या श्रावणात आमच्या घरात दोघं अंथरुणाला खिळले होते.
– ब-३

---

कुंड्या माझ्या आहेत. चौदा नाहीत, अकरा. ताटल्या मी मार्चमध्येच काढून टाकल्या, वर जाऊन बघा. कोपऱ्यातला सोनचाफा ह्यांनी लावलेला आहे. मागच्या वर्षी रंगाऱ्यांनी न विचारता ओढला आणि मधली फांदी मोडली. ती जागा अजून फुटलेली नाही. हलवायला माझी ना नाही, पण मी समोर असताना हलवा.
– ब-६

---

मूळ कारण गुलमोहर. फांद्या पार टाकीवर आल्यात. माझ्या ओळखीचा माणूस आहे, शनिवारीच छाटून टाकू.
– ब-४

---

कृपया परस्पर छाटू नका. १९७५च्या वृक्ष कायद्याखाली फांद्यांनाही महापालिकेची परवानगी लागते. उद्यान विभागाकडे अर्ज मी करतो, उद्या फोटो काढतो. लाकूड ठिसूळ असतं, वाऱ्यात फांदी पार्किंगवर येईल, ही ब-४ची काळजी बरोबरच आहे. टाकीकडच्या फांदीवर कावळ्याचं घरटं आहे, पिल्लं आहेत. अर्जात तेही लिहितो.
– ब-१०

---

कोब्याचं आणि कुंड्यांचं नंतर बघू. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हे आधी एकदा ठरवा. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आमच्या ओट्यापर्यंत आलं, तेव्हा दिवे गेलेले, मुलांना घेऊन आम्ही वर धावलो आणि गच्चीला कुलूप. तिघांकडे विचारलं, तिघांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं. शेवटी सहा नंबरच्या काकूंनी दार उघडलं. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी मुगाची खिचडी टाकली, धाकटीला स्वतःच्या लुगड्यात गुंडाळून झोपवलं. पहाटेपर्यंत आम्ही सातजण त्यांच्या हॉलमध्ये होतो. त्या कुंड्या हलवायच्या तर मी आणि मुलगा हलवू, काकू सांगतील तिथे ठेवू.
– ब-१

---

किल्ली पाण्याच्या टँकरवाल्यासाठी खाली दिली होती, ती परत कोणी घेतली?
– ब-९

---

माझ्याकडेच आहे. फ्रिजवरच्या डब्यात. अजून दोन करून घ्या, एक तळमजल्यावर राहू दे.
सोनचाफा टाकीच्या पूर्वेला ठेवा, तिथे उतार नाही आणि दुपारची सावली आहे. विटा काढल्या तरी चालतील.
– ब-६

---

रविवारी येतो. खोरं आणि दोन पोती माझ्याकडे आहेत. जाळ्या चार इंची लागतील, शनिवारी आणतो.
– ब-३