आजोबांच्या आणि नातीच्या वयाची माणसे एकाच प्रार्थनागटात: वचन वाचायचे कसे?

गटप्रमुख, मोहननगर

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या घरी दर शुक्रवारी भरणाऱ्या प्रार्थनागटाची जबाबदारी गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवली. माझे वय ३४ आहे; गटातील काकाजी ८१ वर्षांचे असून सर्वांत लहान मुलगी दहावीत, इंग्रजी माध्यमात शिकते. आम्ही गोल बसून प्रत्येकी एक वचन वाचतो. मागील महिन्यात ती ‘नीतिमत्त्व’ या शब्दाशी अडखळली, तेव्हा काकाजींनी दोनदा दुरुस्ती केली आणि वर म्हणाले, ‘आमच्या वेळी संडे स्कूलची पोरेही हे घडाघडा वाचत.’ त्यानंतर तीन शुक्रवार ती आलेली नाही. काकाजींचा अवमान न करता त्यांना कसे थांबवावे?

निवृत्त शिक्षिका, जरीपटका

तरुण पुढाऱ्याला आपण बायबलमधील, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ४ थ्या अध्यायातील तारुण्याविषयीचे वचन हमखास ऐकवतो, पण तुमच्या उपयोगाचा भाग ५ व्या अध्यायाच्या आरंभी आहे: वडीलधाऱ्याला टाकून न बोलता बापाप्रमाणे समजवावे, असे पौल तिथे सांगतो. तेव्हा चारचौघांत काही बोलू नका. त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि मुलगी का येत नाही ते सरळ सांगा. बहुधा त्यांच्या ध्यानातही आले नसेल.

तरीही दोष मी गोल बसून वाचण्याच्या पद्धतीला देईन. जी मुले मराठी बोलतात पण देवनागरी क्वचितच वाचतात, त्यांच्यासाठी ती भक्ती राहत नाही, तोंडी परीक्षा होते. उतारा बुधवारीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, वाचन एकाच सरावाच्या माणसाकडे द्या, आणि मुलीला तो प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगू द्या. ती मोबाइलवर बायबल उघडते, हेही ज्येष्ठांना आधी सांगून ठेवा. नाहीतर पोरगी चॅटिंग करते असा समज होतो.

काकाजींच्याच वयाचा एक, सदर

मी त्यांची बाजू मांडतो. निवृत्तीनंतर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आम्हाला मान पुष्कळ मिळतो, काम मात्र मिळत नाही. मग चुका काढणे हेच काम होऊन बसते. ऐकू कमी येत असल्यामुळे चर्चेचे अर्धे धागे सुटतात, म्हणून जे नीट कळते त्यालाच माणूस धरून बसतो. (पंखा आणि कूलर एकदम चालू असतील, तर तेवढ्यापुरता कूलर बंद करा. मे महिन्यातील नागपुरात ही मागणी क्रूर आहे, हे मान्य.)

२९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. काकाजी तेव्हा ऐन तारुण्यात असतील. त्या काळी घरोघरी काय बोलले जात होते, कोण नाराज होते, हे त्यांना विचारा आणि प्रश्न त्या मुलीलाच विचारू द्या.

तरुण संघाची माजी सचिव, धंतोली

वयानुसार वेगळे गट करा, असा सल्ला तुम्हाला मिळेल. आम्ही तो प्रयोग केला आणि आमचा तरुण गट आनंदाने चालला, पण आजारपण किंवा मृत्यू समोर आला की काय बोलावे हे कोणालाच सुचत नसे. एकत्र बसायचे असेल तर १ शमुवेल ३ घ्या. देवाची हाक शमुवेल या मुलाला ऐकू येते, पण ती कोणाची हे ओळखतो दृष्टी मंदावलेला वृद्ध याजक एली. आणि सकाळी त्याच एलीला स्वतःच्या घराविषयीचे कठोर बोलणे त्या मुलाच्या तोंडून ऐकावे लागते. आमच्याकडे शमुवेलाचे बोलणे एका आजीने वाचले आणि एलीचे एका कॉलेजच्या मुलाने. त्या संध्याकाळी उच्चार कोणी सुधारले नाहीत.

गटप्रमुख, मोहननगर

मनःपूर्वक आभार. काल काकाजींकडे जाऊन आले. ते बराच वेळ गप्प बसले, मग मुलीचे घर कोणत्या गल्लीत आहे ते विचारले. शुक्रवारी आधी तिच्याकडे जाऊन, तिला सोबत घेऊनच येतो म्हणाले. उतारा १ शमुवेल ३ चाच ठेवला आहे.