मुंबईच्या भिंतीला इम्पोर्टेड कॅन कशाला?

भिंतवाला
परवा एका नवख्या पोराने विचारलं, "पहिल्या ग्राफिटी पीससाठी, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या अक्षरचित्रासाठी, स्प्रे कुठले घेऊ?" चौघांनी एका सुरात सांगितलं, मोंटानाच घे, तो स्पेनचा स्प्रे-ब्रँड. माझं मत: अजिबात नको. बाइकच्या टचअपला हार्डवेअरवाल्याकडे मिळतो तो कॅन घे. अक्षरांचं पोट एक्स्टीरियर इमल्शनने रोलर मारून भर, स्प्रे फक्त आउटलाइन आणि शेडिंगला. अख्खं फिल, म्हणजे ते पोट भरणं, ४०० मिलीच्या इम्पोर्टेड कॅनने करणं म्हणजे अत्तराने कपडे धुणं.

खडखड_गोळी
भाऊ, त्या टचअपच्या कॅनने कधी सलग आउटलाइन ओढलीयेस? मी ओढलीय. अर्ध्या रेघेत नोझल थुंकलं, मोठा थेंब पडला, पुसायला गेलो तर तिथला बेसच निघून आला. त्यातला सॉल्व्हंट जहाल, खालचा रंग उचलतो. आणि पिवळा? काळ्यावर तीन हात मारूनही शेवाळी दिसतो.
मोंटानाचा एमटीएन ९४ कॅन कमी दाबाचा, मॅट. हात सावकाश चालला तरी ओघळत नाही. शिकणाऱ्याचा हात सावकाशच चालतो ना? मग चांगल्या कॅनची गरज जास्त कुणाला?

भिंतवाला
पिवळ्याखाली आधी पांढरा मारायचा असतो, साहेब. थुंकणं कुणामुळे? काम झाल्यावर कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबला होतास का? आधी दोन मिनिटं हलवला होतास?

खडखड_गोळी
नवाकोरा कॅन होता. हलवून हलवून मनगट गेलं.

रोलरताई
दोघंही कॅनवर भांडताय, भिंतीकडे कुणी बघितलं का? मी गेली काही वर्षं सोसायट्यांच्या कंपाउंडवर म्युरल करते. चुन्याच्या भिंतीवर तळहात फिरवा. हाताला पांढरं लागलं तर वरचा रंग स्पेनचा असो की कुर्ल्याचा, एका पावसाळ्यात पोपडे. तारेच्या ब्रशने खरवडायचं, प्राइमर मारायचा, वाळू द्यायचं. ओल आतून येत असेल तर ती भिंत सोडायची. कॅनचा वाद त्यानंतर.

टॅगर
रोलर, प्राइमर, सोसायटीची परवानगी... ही ग्राफिटी की दिवाळीची रंगरंगोटी? कॅनमधून येतं ते हाताचं अक्षर. जाड-बारीक रेघ कॅपवर, म्हणजे कॅनवर बसवायच्या नोझलवर ठरते: जाडला फॅट कॅप, बारीकला स्किनी कॅप. लोकल कॅनवर या कॅप धड बसतसुद्धा नाहीत. म्हणून लोक इम्पोर्टेड घेतात, शो ऑफ म्हणून नाही.

रोलरताई
२००९ मध्ये सेनापती बापट मार्गाची भिंत 'वॉल प्रोजेक्ट' नावाच्या उपक्रमात लोकांनी येऊन रंगवली, ती पालिकेच्या परवानगीनेच. तिला रंगरंगोटी म्हणायचं तर म्हण बाबा. विनापरवाना रंगवलंस तर १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे, तो कॅप बघत नाही.

भिंतवाला
कॅपचा मुद्दा मात्र मान्य, तिथे माझं उत्तर नाही. पण विमानातून कॅन आणता येत नाहीत, इथे एका इम्पोर्टेडच्या पैशात दोन-तीन लोकल येतात. पहिले दहा पीस बिघडणारच आहेत. ते स्वस्तात बिघडू देत की!

खडखड_गोळी
रंग स्वस्त घ्या, पण मास्कवर वाचवू नका. कापडी मास्कला वास अडत नाही, सॉल्व्हंटसाठी कार्ट्रिजवालाच लागतो. आणि कॅन उन्हात गाडीत विसरू नका.
बाकी, आउटलाइनचा काळा तरी मी मोंटानाचाच घेणार. फिलला तुझा रोलर, चल.

भिंतवाला
म्हणजे पहिल्या पोस्टमध्ये मी म्हणालो तेच!

खडखड_गोळी
तू टचअपचा कॅन म्हणाला होतास. वर जाऊन वाच.