मॅसी १०३५ ची दुसरी लिव्हर कशाला?

रानपाखरू: चुलत्यांकडे जुनी मॅसी १०३५ आहे. परवा एका व्हिडिओत इंग्लंडमधला करडा फर्ग्युसन पाहिला, ठेवण बरीच तशीच. हा आमच्या ट्रॅक्टरचा आजा का? शिवाय सीटजवळ लिफ्टच्या (मागचं अवजार उचलणाऱ्या) दोन लिव्हर आहेत. काका एकच वापरतात. दुसरी कशाला?

जुना_फिटर: घराणं तेच. तो करडा म्हणजे टीई-२०. १९४६ ते १९५६ मध्ये कॉव्हेंट्रीला पाच लाखांवर निघाले. पण रंगरूप सोडा, हॅरी फर्ग्युसनचं खरं डोकं मागच्या तीन सांध्यांत आहे. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढायचे. फाळ दगडाला अडला की पुढची चाकं उचलायची, कधी ट्रॅक्टर ड्रायव्हरवर उलटायचा. यानं खाली दोन लिंक, वर टॉप लिंक दिली. रान घट्ट लागलं की नांगर टॉप लिंकला पुढे रेटतो, ती आतली स्प्रिंग दाबते, स्प्रिंग हायड्रोलिकचा व्हॉल्व्ह हलवते आणि नांगर बोटभर वर येतो. भार मागच्या चाकांवर पडतो, चाक जागच्या जागी फिरत नाही. म्हणून सव्वा टनाच्या आतलं यंत्र दोन फाळी नांगर ओढायचं. आता पोरांना त्याच रानात पन्नास एचपी लागतो; टॉप लिंक कुणी बघतच नाही!

नांगराच्या ओढीप्रमाणे असं आपोआप वर-खाली होण्याला ड्राफ्ट म्हणतात. टीई-२० ला या ड्राफ्टचीच एक लिव्हर होती. १९५६ च्या एफई-३५ या पुढच्या मॉडेलला दुसरी आली, पोझिशनची: अवजार ठरावीक उंचीवर धरायला. काका नांगरटही पोझिशनवर करत असणार. न वापरलेली ती ड्राफ्टची; नांगरट तिच्यावर करून बघा.

ढेकूळफोड्या: फोर्डचा किस्सा राहिला की. १९३८ ला फर्ग्युसनचा हेन्री फोर्डशी ट्रॅक्टर बनवायचा करार झाला तो नुसत्या हातमिळवणीवर, कागद नाही. नातवानं तो मोडला, फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ ला ९२.५ लाख डॉलरवर मिटलं.

रानपाखरू: मग आपल्याकडे तीन सिलिंडर कुठून?

जुना_फिटर: एफई-३५ च्या डिझेलला आधी स्टँडर्डचं चार सिलिंडर इंजिन होतं. थंडीत सुरू व्हायला रडायचं. १९५९ च्या अखेरीस पर्किन्सचं तीन सिलिंडर बसवलं, तेव्हा कुठे गाडी सुधारली. फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिस कंपनीत १९५३ लाच विलीन झाली होती, तीच पुढे मॅसी फर्ग्युसन. पुढे १९६० ला मद्रासमध्ये टॅफे (तुमची १०३५ बनवणारी कंपनी) उभी राहिली ती याच मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं.

रानपाखरू: काका म्हणतात, ती लिव्हर गंजून बसलीय.

जुना_फिटर: हातोडी मारू नका. नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, सांध्यात तेल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी हातानंच हलवा.